नळदुर्गचं पाणी आणि होडीची फट

धाराशिव जिल्ह्याचं नाव निघालं की आपल्याला आठवते ती तुळजापूरची भवानीआई, तेरचे गोरोबाकाका आणि उन्हाळ्यात रिकाम्या हंड्यांची रांग. जिल्हा पर्जन्यछायेतला. पाणी आणता आणता निम्मं आयुष्य गेलं, असं इकडच्या जुन्या बायका सांगतात. अशा जिल्ह्यात जाऊन मी होडीच्या डागडुजीची माहिती घेऊन आले म्हटल्यावर आमच्या शेजारच्या वहिनी हसायलाच लागल्या. "अहो, होड्या तुमच्या माहेरी, रत्नागिरीला! धाराशिवला कुठल्या आल्यात होड्या?"

पण होड्या आहेत. बोरी, तेरणा, सीना या नद्यांवर धरणं झाली, त्यांत मासे सोडले गेले आणि मासेमारीवर पोट असणारी कुटुंबं पाण्याच्या काठाला आली. लोहारा तालुक्यात माकणीला तेरणेवरचं धरण आहे, परंडा तालुक्यात सीना-कोळेगाव आहे, तुळजापूर तालुक्यात नळदुर्गच्या वरच्या अंगाला बोरी धरण आहे. आणि पाणी दुर्मीळ असलं तरी आलं म्हणजे काय करतं, तेही या जिल्ह्यानं पाहिलं आहे. २०२५ च्या सप्टेंबरात परंडा-भूम भागात नद्यांना असा पूर आला, की घरांच्या छपरांवर बसलेल्या माणसांना बोटींनी आणि हेलिकॉप्टरनं बाहेर काढावं लागलं. तेव्हा दुष्काळी जिल्ह्यात होडीचं काय काम, हा प्रश्न आता कुणी विचारू नये.

आमचं जाणं मात्र होडीसाठी नव्हतं. घरात पाहुणे होते, मुलांना सुट्टी होती, आणि नळदुर्ग सोलापूरपासून ४५-५० किलोमीटरच. हैदराबादच्या हमरस्त्यावर गाव आहे, त्यामुळं एस.टी.ची ददात नाही. सकाळी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दह्याचा डबा असं बांधून घेतलं आणि निघालो. यांचं म्हणणं, तुळजापूर करून मग नळदुर्ग. मी म्हटलं, आधी नळदुर्ग, ऊन चढायच्या आत. देवी संध्याकाळीही दर्शन देते.

नळराजा आणि दमयंतीची कथा या गावाच्या नावाला चिकटली आहे. किल्ल्याला मात्र इतिहास आहे तो बहामनी आणि आदिलशाही काळाचा. बोरी नदीच्या वळणावर काळ्या दगडाची तटबंदी लांबच लांब पसरली आहे. आत उपळी बुरूज म्हणून उंच बुरूज आहे. त्याच्या पायऱ्या चढताना गुडघे बोलायला लागतात, पण वरून सगळा मुलूख दिसतो. नऊ पाकळ्यांचा बुरूज आहे, तो कमळासारखा गोलाई घेत गेलेला. १८५३ नंतरची काही वर्षं हा भाग इंग्रजांच्या ताब्यात होता. तेव्हा मेडोज टेलर हा लेखक अधिकारी इथंच राहून कारभार पाहत असे.

पण नळदुर्गला जायचं ते पाणी महालासाठी. दुसरा इब्राहिम आदिलशहा हा विजापूरचा संगीतवेडा बादशहा. त्याच्या काळात, १६१३ च्या सुमारास, बोरी नदीवर आडवा दगडी बंधारा घालून मुख्य किल्ला पलीकडच्या रणमंडळाला जोडला. बांधणाऱ्याचं नाव मीर इमादीन असं सांगतात. नुसता बंधारा घालून तो थांबला नाही. बंधाऱ्याच्या पोटातच त्यानं महाल केला. वरून पायऱ्या उतरून आत जायचं. थंडगार दालन, कमानी, समोर खिडक्या. पावसाळ्यात नदी भरली की पाणी बंधाऱ्यावरून दोन ठिकाणी उडी घेतं. त्या दोन धबधब्यांना नर आणि मादी म्हणतात. महालात उभं राहिलं की पाठीमागं अडवलेलं पाणी, समोर कोसळणारं पाणी, आणि आपण मधे कोरडे! लुगड्याचा काठही भिजत नाही.

मुलं ओरडून प्रतिध्वनी ऐकत होती. पाहुणे फोटो काढत होते. मी भिंतीवरून हात फिरवत होते. एवढं पाणी चारशे वर्षं या भिंतीला ढकलतं आहे, मग ते आत येत का नाही? दगड तर सगळीकडे असतात. या दगडांच्या सांध्यात काय आहे?

सांध्यात चुना आहे. पण आपण पानाला लावतो तसा नुसता चुना नव्हे. त्या काळी चुनखडी भाजून, विरवून, तो चुना बैलाच्या घाण्यात दिवसच्या दिवस मळत. त्यात वाळू, आणि भाजलेल्या विटांची पूड म्हणजे सुरखी घालत. गूळ, हिरडा, बेलफळाचा गर, उडदाचं पाणी असलं काहीबाही घालायचीही चाल होती. ज्या त्या गवंड्याची आपली आपली पद्धत, जशी आपली मसाल्याची असते. यात खरी करामत सुरखीची. साधा चुना हवेवर हळूहळू कडक होतो, पाण्याखाली त्याला ते जमत नाही. सुरखी मिसळली की चुना आणि विटेची पूड यांची एकमेकांशी गाठ पडते आणि ओल्यातही ते मिश्रण दगडासारखं होतं. आणखी एक गुण म्हणजे, बारीक चीर पडली तर पाण्याबरोबर थोडा चुना विरघळून त्या चिरेत येऊन बसतो आणि ती आपोआप बुजते. भिंत आपलं आपण शिवण घालते म्हणा ना.

सांध्याला हलक्यानं घेऊ नये, हे या जिल्ह्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असेल? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसं झोपेतच गेली. घरं दगडाचीच होती, भिंती हात-दोन हात जाड होत्या. पण पुष्कळ ठिकाणी दगड नुसत्या मातीत रचलेले, आणि वर मातीच्या माळवदाचं ओझं. हादरा बसला तेव्हा दगडाला दगड धरून ठेवणारं मधे काही नव्हतं. भिंतीचं बळ दगडात असतं तसं सांध्यातही असतं, हे फार मोठं मोल देऊन कळलं.

किल्ला पाहून झाल्यावर यांच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी जेवायला वरच्या अंगाला, धरणाच्या काठावर नेलं. तिथं बाभळीच्या सावलीत दोन होड्या पालथ्या घातलेल्या होत्या. एक लाकडी फळ्यांची, खालून डांबरानं काळीकुळकुळीत. दुसरी फायबरची, निळी. शेजारी एक मावशी जाळ्याची शिवण करत बसल्या होत्या. माझ्या माहेरी होड्या घराच्या अंगणात पाहिलेल्या, म्हणून मी जवळ गेले. बोलता बोलता मावशींनी मनातलं सांगितलं.

"काय सांगावं ताई, पाणी लय चोरटं. बारकी फट बी सोडत नाय बगा."

झालं होतं असं. लाकडी होडी सासऱ्यांच्या वेळची. उन्हाळ्यात पाणी आटलं, होडी काठावर तापली, फळ्या सुकल्या आणि सांधे उघडले. त्याच सुमारास फायबरची होडी पाण्यात बुडालेल्या जुन्या विहिरीच्या कठड्यावर आपटून पुढच्या बाजूला तडकली. मुलानं बाजारातून दोन रंगांच्या कांड्या मळून लावायची ती कडक लांबी आणली. दोन्ही होड्यांना एकाच दिवशी, एकाच हातानं लावली. फायबरवरची बरी बसली. लाकडावरची पहिल्या पंधरवड्यातच भाकरीच्या पापुद्र्यासारखी सुटली. भाद्रपदातल्या एका रात्री मावशींचे मालक नातवाला घेऊन जाळं टाकायला गेले होते. मधोमध गेल्यावर होडी भरायला लागली. मालक वल्हवत आणि नऊ वर्षांचा नातू तेलाच्या डब्यानं पाणी उपसत, असे दोघं काठाला लागले.

"त्या रातीपास्नं पोराला पाण्यावर धाडलं नाय मी," मावशी म्हणाल्या. "आता बचत गटाचं थोडं पैसं हायेत. सोलापूरचा दुकानदार म्हणतो, भारीतली नळी घ्या, सगळ्याला चालती. मालक म्हणत्यात, डांबरच बरं. कुणाचं ऐकावं?"

याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं, पण ते कुणाजवळ आहे हे ठाऊक होतं. माझे थोरले बंधू रत्नागिरीला. सारं आयुष्य होड्या बांधण्यात आणि दुरुस्त करण्यात गेलं. तिथूनच दादाला फोन लावला आणि मावशींच्या हातात दिला. दादानं औषधाचं नाव एकदाही आधी घेतलं नाही. डॉक्टर नाडी बघतो तसे त्यानं तीन प्रश्न विचारले. ते तीन प्रश्न मला इतके आवडले, की या लेखाचं निमित्त तेच.

पहिला प्रश्न: सांधा हलतो का? लाकूड पाण्यात फुगतं, उन्हात आकसतं. म्हणजे फळ्यांमधली फट रोज थोडी उघडते, थोडी मिटते. तिथं कडक लांबी भरली तर एक तर ती फुटते, नाही तर फुगलेली फळी तिच्यावर रेटून खिळे सैल करते. तिथं हवं मऊ, दबणारं, पुन्हा वर येणारं असं काही. कुकरचं झाकण आणि भांडं दोन्ही धातूचीच, पण वाफ अडवते ती मधली रबरी रिंग. ती कडक झाली की आपण बदलतोच ना? उलट फायबरची होडी एकसंध. तिथं तडा म्हणजे सांधा नव्हे, मोडलेलं हाड. ते जोडायचं तर मजबूत आणि कडकच हवं. म्हणून एकच लांबी एकीला लागू पडली आणि दुसरीला नाही.

दुसरा प्रश्न: चिकटायचं कशाला? मावशींच्या लाकडी होडीला वर्षानुवर्षांचं डांबर मुरलेलं. डांबरावर, तेलकटावर, ओलसरावर नव्या तऱ्हेची कुठलीही नळी नीट चिकटत नाही. करंजीच्या कडेला सारणातलं तूप लागलं तर ती कड कितीही दाबा, तळणात उघडतेच. होडीचंही तेच. महागाची नळी लावायची तर प्रत्येक सांधा कोऱ्या लाकडापर्यंत खरवडायला हवा, आणि लाकूड पूर्ण सुकायला हवं.

तिसरा प्रश्न: पुन्हा उघडावं लागेल का? लाकडी होडी दरवर्षी उघडायची, तपासायची, बुजवायची. जे एकदा बसलं की निघतच नाही, ते अशा जागी वापरलं तर पुढच्या वर्षी फळी फोडावी लागते.

मग दादानं बाजारातल्या जिनसांची ओळख करून दिली. ती इथं थोडक्यात देते, कारण घरातही उपयोगी पडणारी आहे.

सिलिकॉन हे मऊ, उन्हाला टिकणारं. काच, बेसिन, फरशीचा कोपरा यांना उत्तम. काही सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते धातूला गंजवतं. त्याच्यावर रंग बसत नाही, आणि एकदा लावलेल्या जागी पुढं दुसरं काहीच धड चिकटत नाही. म्हणून होडीच्या बुडाला ते नको.

पॉलियुरेथेनची नळी येते, ती बसगाड्यांच्या काचा बसवतानाही वापरतात. चिकटते घट्ट, लवचीकही राहते, रंगही घेते. पण नंतर काढणं महाकठीण, आणि सतत उन्हात उघडी राहिली तर वरून चिरते.

पॉलीसल्फाइड हे पाण्याखालच्या सांध्यांसाठी जुनं नावाजलेलं. पोहण्याचे तलाव, पाण्याच्या मोठ्या टाक्या यांच्या सांध्यांत भरतात. लाकडाच्या फटीला चांगलं, कारण मऊ राहतं. काही जातींच्या प्लॅस्टिकला मात्र ते खातं.

इपॉक्सी म्हणजे दोन भाग मळून किंवा मिसळून लावायचं ते. दगडासारखं कडक होतं. मोडलेलं जोडायला नामी, हलणाऱ्या सांध्याला निरुपयोगी.

आणि डांबर. स्वस्त, गावात मिळणारं, पाणी न पिणारं. पण आपल्या मराठवाड्याच्या उन्हात ते पातळ होऊन ओघळतं, थंडीत ठिसूळ होतं, आणि रॉकेल-पेट्रोल सांडलं तर विरघळतं.

आमच्या कोकणात या नळ्या येण्याच्या आधीही होड्या तरंगत होत्याच. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या वर ओढून ठेवतात. फळ्यांच्या फटीत कापसाची पिळलेली वात बोथट छिन्नीनं ठोसून बसवायची, वरून राळ आणि तेल एकत्र कढवून ते मिश्रण भरायचं, बाहेरून मुशीच्या तेलाचा हात द्यायचा. बुडाला किडा लागू नये म्हणून चुना आणि तेल खलून लेप देत. कापूस पाण्यानं फुगतो, फळी फुगते, दोन्ही एकमेकांना दाबतात आणि पाण्याची वाट बंद होते. पाणी आत येऊ नये म्हणून पाण्याचीच मदत घ्यायची, असा तो हिशेब. नळदुर्गच्या भिंतीतही तेच दिसतं. चिरेत शिरलेलं पाणीच चुना आणून चीर बुजवतं. दगड जागचा हलत नाही, म्हणून तिथं चुना-सुरखी. फळी हलते, म्हणून तिथं कापूस आणि राळ. जुन्या माणसांनी महाग-स्वस्त पाहिलं नाही, सांधा पाहिला.

दादाचा सल्ला ऐकून मावशींचे मालक गालात हसले, कारण निम्मी बाजू त्यांची खरी ठरली होती. लाकडी होडीला भारीतली नळी नको, असं ठरलं. तिचं सगळं जुनं डांबर खरवडायचं म्हणजे आठवड्याची मजुरी, आणि तरीही मुरलेला तेलकटपणा राहणारच. त्यापेक्षा आधी कडक लांबीचा कण न् कण काढायचा, कापसाची वात ठोसायची, त्यावर राळ घातलेलं गरम डांबर ओतायचं. राळेमुळं ते उन्हात लवकर ओघळत नाही. मग मासेमारीला न्यायच्या आधी होडी दोन दिवस काठाला उथळ पाण्यात भिजत ठेवायची, म्हणजे फळ्या फुगून बसतील. नवी लाकडी काथवट वापरायच्या आधी आपण पाणी घालून ठेवतोच की.

मुलगा मात्र ऐकायला तयार नव्हता. "तिकडं फायबरला लांबी टिकली नव्हं? मग तिला कशाला हात लावायचा?" दादानं फोनवरून त्यालाही समजावलं. नुसती वरून लावलेली लांबी म्हणजे फाटलेल्या कापडाला चिकटवलेला कागद. आतलं कापडच फाटलेलं आहे. तडा दोन्ही बाजूंनी उतरता घासायचा, पूर्ण वाळवायचा, आणि काचेच्या धाग्याचं कापड इपॉक्सीत भिजवून थरावर थर द्यायचे. पहिला थर लहान, पुढचा त्याहून मोठा. आतूनही आणि बाहेरूनही. घासताना उडणारी काचेची धूळ अंगाला खाजवते आणि छातीत जाते, म्हणून तोंडाला फडकं, हाताला मोजे. मुलगा गप्प झाला. पैसा खर्च करायचा तर इथं, हे त्यालाही पटलं.

मावशींनी बोटांवर हिशेब केला. लाकडी होडीला नळ्या घ्यायच्या नाहीत म्हटल्यावर बचत गटाच्या पैशातले बरेच उरत होते.

"उरत्यात त्याचं काय आणू?" त्यांनी दादाला विचारलं.

"मावशी," दादा म्हणाला, "दोन अंगात घालायची जाकिटं आणा, तरंगणारी. एक मालकांना, एक नातवाच्या मापाचं. पृथ्वीच्या पाठीवर अशी लांबी निघाली नाही की जी कधीच सुटणार नाही."

मावशींनी पदराला डोळे टिपले आणि "हां, हे बेस सांगितलंत दादा," एवढंच म्हणाल्या. पुढं पावसाळ्यात मी चौकशीला फोन केला, तेव्हा त्या सांगत होत्या, लाकडी होडी आता रातभरात दोन डबे पाणी घेते, आधी वीस डबे उपसायला लागायचे. लाकडाची होडी थोडं पाणी घ्यायचीच. फायबरची ठणठणीत. आणि नातू? "जाकिट घातल्याबगार होडीत पाय ठिवू देत नाय."

आता घरचं बघू. होडी आपल्यापैकी फार थोडींच्या दारात असेल, पण गळती कुणाच्या घरी नाही? दादाचे तीन प्रश्न तिथंही तसेच लागू पडतात.

गच्चीची भेग उन्हात उघडते, रात्री मिटते. म्हणजे हलता सांधा. तिथं नुसतं सिमेंट भरलं की पुढच्या पावसाळ्यात शेजारी नवी रेघ उमटते. भेग थोडी रुंद करून, धूळ झाडून, कोरडी करून लवचीक सीलंट भरून घ्यावं, आणि हे काम पावसाच्या आधी, उन्हाळ्यातच उरकावं.

पिण्याच्या पाण्याच्या टाकीला डांबर लावू नये. जे लावाल त्याच्या डब्यावर ते पिण्याच्या पाण्याला चालतं असं छापलेलं आहे ना, हे आधी वाचावं.

बेसिनभोवतीचं सिलिकॉन काळं पडलं तर त्यावरच नवं फासू नये. जुनं ब्लेडनं पूर्ण काढून, जागा पुसून सुकवून मगच नवं लावावं, आणि निदान एक दिवस तिथं पाणी लागू देऊ नये.

प्लॅस्टिकचा पिंप चिरला तर लांबीवर पैसे घालवू नयेत. त्या गुळगुळीत प्लॅस्टिकला जवळजवळ काहीच चिकटत नाही. तापवून सांधणारा कारागीर मिळाला तर त्याच्याकडून सांधून घ्यावा, नाही तर त्यात कुंडी करावी.

लोखंडी बादली, नळाचा न हलणारा जोड अशा ठिकाणी मळून लावायची लांबी चालते. पण आधी गंज काच-कागदानं घासून काढावा.

आणि कुणाचा जुना चुन्यातला वाडा असेल, तर त्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देण्याची घाई करू नये. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंट ती ओल आत कोंडतं, आणि मग पापुद्रे सुटतात, दगड-विटाही झिजतात. चुन्याला चुनाच लावावा. असं काम करणारे गवंडी आता कमी राहिलेत, पण शोधले तर सापडतात.

एक सावधगिरी मात्र सगळ्यांनी ठेवावी. डांबर तापवायचं ते उघड्यावर, कमी आचेवर आणि कोरड्या भांड्यात. पाण्याचा थेंब पडला तरी ते उसळून अंगावर येतं. मुलांना जवळ येऊ देऊ नये. इपॉक्सी आणि नळ्यांचं काम खिडक्या उघड्या ठेवून करावं.

नळदुर्गला जायचं असेल तर पावसाळ्याच्या उत्तरार्धात, धरण भरल्याची बातमी आली की जावं, तेव्हाच नर-मादी धबधबे दिसतात. पायऱ्या शेवाळतात, म्हणून चपला घट्ट असाव्यात आणि लहान मुलांचा हात सोडू नये. जवळच अणदूर आहे. तिथल्या खंडोबाची मूर्ती वर्षातला काही काळ अणदूरला आणि काही काळ नळदुर्गजवळ मैलारपूरला असते, म्हणजे देव स्वतःच प्रवासी. पौष पौर्णिमेला मैलारपूरला मोठी यात्रा भरते. तिथून तुळजापूर तासाभराच्या अंतरावर. आम्ही पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. देवीची ओटी भरली, कवड्यांची माळ घेतली, आणि शेवटच्या गाडीनं सोलापूर गाठलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी गच्चीवरच्या भेगेसाठी सिमेंटची पिशवी आणायला म्हणून पायात चपला घातल्या. मी म्हटलं, "आधी तीन प्रश्नांची उत्तरं द्या, मग जा."